मुकादमी मिठी

६ जानेवारी

चि. मास्तरीणबाईस,
काकाचा आशीर्वाद.

तुझ्या संस्थेचा छापील प्रश्नसंच मंगळवारी हाती आला. पाकिटावर माझ्या नावापुढे 'वॉर्डबॉय (निवृत्त)' असे टंकलेले आहे. त्यात दुरुस्ती करावी. मी अपघात विभागात बावीस वर्षे कक्षसेवक आणि चौदा वर्षे मुकादम होतो. बॉय मी चौथी उत्तीर्ण होईपर्यंत होतो, त्यानंतर नाही.

फोनवर बोलावे असे तू सुचविले होतेस. माझा उजवा कान आता केवळ शोभेसाठी उरला आहे, आणि संशोधनासारखा विषय कागदावरच शोभतो. तू सात वर्षांची असताना माझ्या पत्रातील तीन चुकांभोवती लाल पेन्सिलीने गोल काढून ते पत्र मला परत पाठविले होतेस. तेव्हापासून मी प्रत्येक पत्राचा आधी मसुदा करतो व नंतर खाडाखोडविरहित प्रत धाडतो. सबब उत्तरास आठ दिवस लागल्यास काका आजारी असल्याचा तर्क करू नये.

प्रश्न एकूण बावीस. पहिल्या सहांची उत्तरे सोबत आहेत. सातवा प्रश्न असा: 'सेवाकाळात रुग्ण उचलताना, वळवताना किंवा हलवताना आपणास कधी दुखापत झाली काय?' उत्तर: नाही. आठ ते बावीस हे प्रश्न 'होय' म्हणणाऱ्यांसाठी असल्याने ते कोरे सोडले आहेत. कोरे म्हणजे विसरलेले नव्हेत.

छत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही रुग्ण निसटला नाही. दुखापत रुग्णाला होते आणि रुग्णालय त्याच्यासाठीच असते. उचलणाऱ्यालाही ती होऊ लागली, तर त्याने खाटेवर पडावे आणि रुग्णाने त्याला उचलावे, असे करावयाचे काय?

तुझ्या वडिलांस सांग की दादाने विचारपूस केली आहे. थंडीत त्याची पाठ कुरकुरते असे तू मागे लिहिले होतेस. ती पूर्वीपासूनच कुरकुरी आहे.

तुझा काका,
निवृत्त मुकादम, अपघात विभाग


१७ जानेवारी

काका, नमस्कार.

पाकीट बघा, दुरुस्ती केली आहे. टायपिस्टताई म्हणाल्या, "तुमचे काका फारच कडक दिसतात." मी म्हटलं, "इस्त्री केलेले आहेत."

तुमचं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'बॉय चौथीपर्यंत' ऐकून ते इतके हसले की शेवटी कुशीवर वळून गप्प पडून राहावं लागलं. म्हणाले, "दादा कोऱ्या जागेवरसुद्धा सही करेल."

आम्ही नेमकं काय करतोय ते सांगते. अपघातातल्या जखमांवर आमच्या ग्रंथालयात कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत. कुठलं हाड कसं मोडतं, किती आठवड्यांत जुळतं, सगळं आहे. पण तो जखमी माणूस स्ट्रेचरवरून खाटेवर कोणी ठेवला, आणि ठेवणाऱ्याच्या मणक्याचं पुढे काय झालं, यावर मला त्या कपाटांत चार पानं सापडली नाहीत. ती चार पानं आम्हाला लिहायची आहेत. म्हणून तुमच्या रुग्णालयातल्या आजी-माजी सगळ्या कर्मचाऱ्यांना तोच प्रश्नसंच पाठवला आहे.

एक विचारू? सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा तुम्ही पेपर खिडकीच्या कट्ट्यावर पसरून उभ्यानेच वाचायचात. जेवायचातही उभ्यानेच. मला वाटायचं, मुकादमांना खुर्ची मना असते. ती नुसती सवय होती का?

आणि 'मुकादमी मिठी'बद्दल सविस्तर लिहाल? तुमच्याकडचे सगळे तिचं नाव घेतात, पण ती कशी मारायची ते कोणी नीट सांगत नाही. कोण कोण तुमच्याकडून शिकलं याची यादी असेल तर तीही हवी. नोंदी पूर्ण असलेल्या बऱ्या.

तुमची,
मास्तरीण


२५ जानेवारी

चि. मास्तरीणबाईस,
आशीर्वाद.

पाकीट निर्दोष होते. टायपिस्टताईंस धन्यवाद कळवावेत.

उभ्याने वाचणे ही शिस्त आहे. कामाची वही उभ्यानेच भरावी लागे. हे पत्रही कपाटाच्या वरच्या फळीवर कागद ठेवून लिहीत आहे. अक्षर सरळ येते.

आता पद्धतीविषयी. तिला 'मिठी' हे नाव परिचारिकांनी थट्टेने दिले. मला ते विशेष प्रतिष्ठित वाटत नाही. तथापि रूढ झाले आहे. माझ्या सेवेच्या नवव्या वर्षी एका दुपारी बसचा अपघात झाला. अकरा रुग्ण एकदम आले आणि कक्षसेवक आम्ही तिघे. एकेका रुग्णास दोघांनी उचलायचे तर बाकीचे दारात खोळंबणार. तेव्हा ज्यांना बसते करण्यास डॉक्टरांची हरकत नव्हती, त्यांना मी एकट्याने उचलले. रुग्णाचे हात माझ्या गळ्यात, माझे हात त्याच्या पाठीमागे गुंफलेले, छाती छातीला, माझा डावा पाय त्याच्या दोन पायांच्या मध्ये. डाव्या टाचेवर वळावयाचे आणि खाटेवर टेकवावयाचे. शस्त्रक्रिया विभागाचे मोठे डॉक्टर दारात उभे होते. ते म्हणाले, "शाबास." ते कोणालाही शाबास म्हणत नसत. पुढे तीच पद्धत विभागाची झाली.

मी शिकविताना तीन गोष्टींवर भर देत असे. दुसऱ्यास हाक मारू नये, कारण दुसरा येईपर्यंत रुग्ण विव्हळत राहतो. एक-दोन-तीन असे मोजू नये, कारण मोजणे ऐकून रुग्ण घाबरतो. आणि चेहऱ्यावर ओझे दिसू देऊ नये. ज्याची पाठ बोलते त्याने अपघात विभागात येऊ नये, हे माझे वाक्य तेव्हा सर्वांना पाठ होते.

पावलांच्या तीन आकृत्या फूटपट्टीने काढून जोडल्या आहेत. माझ्या वहीतील यादीची प्रतही जोडली आहे. एकूण एकेचाळीस, पैकी तिघे आता हयात नाहीत. प्रत्येकापुढे शेरा आहे. पहिले नाव तुझ्या वडिलांचे. शेरा: 'हात उत्तम. पाठ कच्ची.' सतरावे नाव ताठ मावशीचे. ओझे घेऊनही ती वाकत नसे, म्हणून हे नाव पडले. शेरा: 'सर्वोत्कृष्ट.'

तुझ्या ग्रंथात या पद्धतीस रूढ नावानेच स्थान द्यावे, ही विनंती. वाचनालयातील मंडळींस मी कल्पना दिली आहे. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "म्हणजे मुकादम, तुम्ही पुस्तकात जाणार!" मी म्हणालो, "पद्धत जाणार. मी केवळ तिच्या मागोमाग."

तुझा काका,
निवृत्त मुकादम, अपघात विभाग


२ मार्च

काका, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. यादी आणि आकृत्या मिळाल्या. आकृत्या इतक्या नेटक्या आहेत की आमच्या चित्रकाराला लाज वाटली.

काम चालू आहे. वाचनालयात इतक्यात फार सांगू नका. संशोधनात शेवटपर्यंत काही ठरलेलं नसतं.

तुमची पाठ कशी आहे? बाबा बरे आहेत.

मास्तरीण


९ मार्च

चि. मास्तरीणबाईस,
आशीर्वाद.

पाच आठवड्यांनी आलेले तुझे पत्र मोजून बारा ओळींचेही नव्हते. 'रागावू नका' असे तू लिहिले आहेस, म्हणून रागावलेलो नाही. वाचनालयात सांगू नये ही सूचना मात्र उशिरा आली. पोस्टमास्तर रोज विचारतात, "छापून आलं का?"

काम अडले असेल तर हातभार लावावा, या हेतूने मी ताठ मावशीच्या घरी गेलो होतो. तिचा प्रश्नसंच पोहोचला की नाही, ते पाहावयाचे होते. दार तिच्या मुलीने उघडले. मावशी जमिनीवर टाकलेल्या लाकडी फळीवर पडली होती. मला पाहताच ती उठू लागली. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग टेबलाचा पाय धरून.

मी म्हणालो, "अहो, राहू द्या."

"मुकादम आले आणि मी आडवी?" ती म्हणाली. "ड्युटीवर झोपताना सापडल्यासारखं वाटतंय मला."

"काही त्रास?"

"छे हो. जरा वय झालं."

वय तिचे एकोणपन्नास आहे. माझे एकोणऐंशी.

मुलगी म्हणाली, "आई, निदान यांच्यासमोर तरी खरं बोल."

"तू चहा टाक," मावशी म्हणाली. "यांच्यासमोरच तर बोलायचं नसतं."

प्रश्नसंच तिने पूर्वीच धाडला होता. "सातव्याला 'नाही' लिहिलंय बरं का, मुकादम," असे तिने मला जिन्यापर्यंत येऊन सांगितले. जिन्याकडे निघताना तिच्या पायात चपला तिच्या मुलीने घातल्या.

मी समाधानाने परतलो. जिना उतरताना दोन वेळा थांबावे लागले. ऊन फार होते. (जिना इमारतीच्या आतून आहे, हे वरील वाक्य लिहून झाल्यावर ध्यानात आले, परंतु स्वच्छ प्रत झालेली असल्याने तसेच ठेवीत आहे.)

तुझा काका,
निवृत्त मुकादम, अपघात विभाग


१५ मार्च

काका,

मी दीड महिना तुम्हाला काय लिहावं याचे मसुदे करतेय. तुमचीच पुतणी. हा सहावा मसुदा आहे आणि यात खाडाखोड आहे.

कोणी एकाने काय लिहिलं हे मी सांगू शकत नाही, पण सगळ्यांनी मिळून काय लिहिलं ते सांगते. तुमच्या यादीतल्या अडतीस जणांपैकी चौतीस जणांची उत्तरं आली. सातव्या प्रश्नाला चौतीसच्या चौतीस जणांनी 'नाही' लिहिलं. त्याच रुग्णालयात, पण तुमच्या हाताखाली न शिकलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी 'होय' लिहिलंय. पहिल्यांदा मलाही वाटलं, काकांची पद्धत खरंच निर्धोक आहे. मग रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. त्या चौतीसपैकी तेवीस जणांनी पन्नाशीच्या आत हलकं काम मागून घेतलंय किंवा नोकरी सोडली आहे. बाकीच्यांमध्ये असं चारात एकाचं झालंय.

काका, सगळ्यात जास्त पाठी तुमच्या माणसांच्या गेल्या आहेत. आणि 'नाही' लिहिणारीही तीच माणसं आहेत.

एकाचं नाव सांगते, कारण त्याने तशी परवानगी दिली आहे. बाबा. मी रोज संध्याकाळी त्यांची पाठ शेकते. सकाळी त्यांचे मोजे मी चढवते. आणि माझ्याच घरात, माझ्याच खाटेवर पडून, माझ्याच प्रश्नसंचावर त्यांनी 'नाही' लिहिलं! मी म्हटलं, "बाबा, अहो मी डॉक्टर आहे, आंधळी नाही." तर म्हणाले, "आधी दादाने काय लिहिलंय ते बघ."

काही आठवड्यांत सगळ्यांना हाच प्रश्नसंच दुसऱ्यांदा जाणार आहे. तशी पद्धतच असते. जूनमध्ये अहवाल द्यायचा आहे. त्यावर रुग्णालय ठरवणार आहे की उचलायला दोन माणसं सक्तीची करायची का, आणि रुग्ण सरकवायच्या गुळगुळीत चादरी आणायच्या का. लोक 'काही होत नाही' म्हणत राहिले, तर काही बदलणार नाही. तुमच्या यादीतले बारा जण अजून कामावर आहेत. ते आज सकाळीही नव्या पोरापोरींना मिठी शिकवत असतील.

काय लिहायचं हे मी तुम्हाला सांगणार नाही, तसं करणं नियमात बसत नाही. पण ते सगळे तुमच्याकडे बघतायत, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

मास्तरीण


२२ मार्च

मास्तरीणबाईस,

पत्र पोहोचले.

पावलांच्या तीन आकृत्या परत पाठवाव्यात. प्रश्न सातवा: उत्तर पूर्वीचेच.

निवृत्त मुकादम, अपघात विभाग


२९ मार्च

काका,

आकृत्या सोबत आहेत. घडी पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घातला आहे.

पाकिटात बाबांचं पत्र आहे. मी वाचलेलं नाही. त्यांनी तीन दिवस लावून लिहिलं आणि पाकीट स्वतः चिकटवलं.

मास्तरीण

*

दादा,

हे पडल्या पडल्या लिहितोय. अक्षर बघून शेरा मारू नकोस.

तुझ्या यादीचं पान पोरीने माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. पण संशोधकांना कपाटाला कुलूप लावायचं सुचत नाही. एक नंबरला मी. 'हात उत्तम. पाठ कच्ची.' हाताबद्दल आभार.

बसचा अपघात झाला त्या दिवशी तुम्ही तिघे होतात, त्यातला तिसरा मी. नोकरीला लागून मला चारच महिने झाले होते. मोठे डॉक्टर तुला शाबास म्हणाले ते मी ऐकलं. नंतर चादरी आणायला मी कपड्यांच्या खोलीत गेलो. तू तिथे मळक्या चादरींच्या ढिगावर पालथा पडला होतास. तोंडात टॉवेल होता. तुला मी दिसलो नाही. मी दार ओढून घेतलं आणि अर्धा तास बाहेर उभा राहून येईल त्याला सांगितलं की किल्ली हरवली आहे. सिस्टरने मला सगळ्यांसमोर बावळट म्हटलं. किल्ली माझ्या खिशात होती.

कोणाला सांगितलं नाही. तुला वाईट वाटलं असतं. पुढे माझी पाठ गेली तेव्हा मला वाटलं, दादा बोलला नाही तर आपण कसं बोलायचं? म्हणून चुपचाप हलकं काम मागून घेतलं. तू दोन महिने माझ्याशी धड बोलला नाहीस.

तक्रार म्हणून लिहीत नाही. मजेत आहे. पोरगी शेकते, जावई चहा देतो, तुझी पत्रं वाचून करमणूक होते. एवढंच विचारायचं होतं. माझी कच्ची होती, तर मग त्या दिवशी तुझी काय होती रे?

तुझा धाकटा


१४ एप्रिल

चि. मास्तरीणबाईस व चि. धाकट्यास,
दोघांस आशीर्वाद.

हे पत्र मसुद्याविना लिहीत आहे. चुका आढळल्यास गोल काढावेत.

धाकट्याचे पत्र आल्यावर मी सहा दिवस वाचनालयात गेलो नाही. सातव्या दिवशी वही काढली. पहिल्या नावापुढील शेरा खोडला आहे. त्या वहीत छत्तीस वर्षांत खाडाखोड नव्हती. रबराने पुसता आले असते, परंतु पूर्वी काय लिहिले होते ते दिसत राहावे असे वाटले. ते पान फाडून सोबत धाडीत आहे. नवा शेरा सुचलेला नाही. धाकट्याने स्वतः लिहून घ्यावा.

आता प्रश्नसंच. दुसऱ्या फेरीची वाट पाहत नाही.

प्रश्न सातवा. उत्तर: होय.

आठवा, केव्हा? सेवेच्या नवव्या वर्षी, बस अपघाताच्या दिवशी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, आठव्या रुग्णाच्या वेळी. गृहस्थ अंगाने भारी होते आणि सारखे "माफ करा, माफ करा" म्हणत होते. डाव्या टाचेवर वळताना कमरेच्या वर चार बोटांवर काहीतरी सुटले. तरी त्यांना खाटेवर टेकविले. त्यानंतर आणखी दोघांना उचलले. शाबास अकराव्या रुग्णानंतर मिळाली.

नववा, कोणास कळविले? कोणासही नाही.

दहावा, का? याच्यासाठी तुम्ही दीड ओळ ठेवली आहे. ती पुरणार नाही. ज्या पद्धतीसाठी शाबासकी मिळाली, तिनेच मला मोडले, हे त्याच दिवशी सांगणे शक्य झाले नाही. पुढे दुसऱ्यांस शिकवू लागल्यावर ते रोज थोडे अधिक अशक्य होत गेले. मी चौथी शिकलेला मनुष्य आहे. माझ्या नावाची दुसरी कोणतीही गोष्ट जगात नव्हती.

अकरावा, उपचार? टॉवेल. नंतर पट्टा, सदऱ्याच्या आतून. नंतर उभ्याने जेवणे, उभ्याने वाचणे, उभ्याने लिहिणे. ती शिस्त नव्हती. मास्तरीणबाईंनी जानेवारीतच विचारले होते आणि मी फळीवर कागद ठेवून असत्य लिहिले, तेही सरळ अक्षरात.

बारा ते बावीस यांची उत्तरे वेगळ्या कागदावर आहेत. एकही कोरे नाही.

ताठ मावशीकडे पुन्हा गेलो. तिला म्हणालो, "झोपूनच राहा. हा माझा हुकूम आहे." मग मी तिला कपड्यांच्या खोलीची हकीकत सांगितली. तिने पडल्या पडल्याच मान माझ्याकडे वळविली. मग म्हणाली, "मुकादम, हे तुम्ही मला वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला फार शिव्या दिल्या असत्या. आणि घरी जाऊन शांत झोपले असते."

"आता द्या," मी म्हणालो.

"आता हसायला येतंय हो. हसलं की दुखतं."

मी लिहिलेली पत्रे टपालात टाकली आहेत. यादीतील हयात अडतिसांपैकी धाकटा सोडून सदतीस जणांस. मजकूर प्रत्येकास एकच. झेरॉक्स काढावी असे पोस्टमास्तरांचे मत होते. परंतु छापील हुकुमाला वजन नसते, म्हणून सर्व हाताने लिहिली. नक्कल अशी:

'अपघात विभागाच्या मुकादमाचा हा शेवटचा हुकूम. मुकादमी मिठीने माझी पाठ पहिल्याच दिवशी गेली. मी ते लपविले आणि तीच पद्धत तुम्हांस शिकविली. हा दोष माझा आहे, तुमच्या पाठीचा नाही. संशोधकांचा प्रश्नसंच पुन्हा येईल. सातव्या प्रश्नाला जे खरे असेल ते लिहावे. दुखत नसेल तर 'नाही' लिहावे. दुखत असेल तर मुकादमासाठी 'नाही' लिहू नये. जे कामावर आहेत त्यांनी उद्यापासून दुसऱ्यास हाक मारावी. तो येईपर्यंत रुग्णाशी बोलत राहावे.'

अहवालात पद्धतीस तिच्या नावानेच स्थान द्यावे, ही माझी विनंती कायम आहे. कोणत्या प्रकरणात, ते आता मला कळले आहे.

वाचनालयात पोस्टमास्तरांनी विचारले, "मग, पुस्तकात जाणार ना?" मी म्हणालो, "जाणार. पण शाबास म्हणू नका."

तुझा काका,
धाकट्याचा दादा


२३ जून

काका, नमस्कार.

एकही गोल काढलेला नाही. काढण्यासारखं एक होतं, पण सोडून दिलं.

अडतीसपैकी छत्तीस जणांची उत्तरं आली. सातव्याला एकतीस 'होय', पाच 'नाही'. ती पाच खरी 'नाही' आहेत असं मी आता मानू शकते. आम्हाला वेगळे कागद जोडावे लागले, कारण तुमच्या माणसांना दीड ओळ पुरत नाही! एकाने परवानगी देऊन कळवायला सांगितलंय: "मुकादमांचा हुकूम मिळाला. बत्तीस वर्षं दुखतंय. आता सुटी मिळेल का?"

अहवाल दिला. तुमचं पत्र रुग्णालयाच्या बैठकीत वाचून दाखवलं. पुढचे सहा महिने अपघात विभागात आणि तपासणीच्या खोल्यांत उचलायला दोन माणसं आणि सरकवायची चादर, असं ठरलंय. कायमचं नाही, सहा महिने. मग परत मोजणार. मी याच्यावरच खूश आहे.

बाबांनी तुमच्या पानावर नवा शेरा लिहिलाय. दाखवत नाहीत. म्हणाले, "दादा आल्यावर."

आणि आता माझा हुकूम. तुमच्या मणक्याची तपासणी व्हायला हवी. पुढच्या महिन्याची तारीख घेतली आहे, तुमच्याच रुग्णालयात. नाही म्हणायचं असेल तर प्रश्नसंच भरून पाठवा.

मास्तरीण


१९ जुलै

चि. मास्तरीणबाईस,
आशीर्वाद.

अक्षर तिरके आहे. हे पत्र पडून लिहीत आहे. पोटदुखीचे निमित्त करून शाळेला दांडी मारावी तसे वाटते. परंतु डॉक्टरांनी तसे सांगितले आहे आणि कमरेखाली उशी दिली आहे. सेहेचाळीस वर्षांनी या जागेला प्रथमच कोणी हात लावून म्हणाले, "इथे ना?" मी म्हणालो, "हो, इथे." मणक्यांमधील दोन चकत्या झिजल्या आहेत. या वयात शस्त्रक्रिया नको म्हणतात. व्यायाम आहेत. ते लाजिरवाणे आहेत, परंतु करतो.

तपासणीच्या वेळची हकीकत कळवितो. स्ट्रेचरवरून यंत्राच्या फळीवर मला सरकवावयाचे होते. मी हाताने कडा धरून स्वतःच सरकू लागलो. तेथे एक तरुण मुलगी होती, कक्षसेविका. ती म्हणाली, "आजोबा, हात छातीवर. तुम्ही काही करायचं नाही. अहो ऐका ना." मग तिने दाराकडे तोंड करून हाक मारली. दुसरा कक्षसेवक येण्यास थोडा वेळ लागला. तेवढ्यात ती माझ्याशी बोलत राहिली. कुठले, घरी कोण, चहा घेता की कॉफी. तिला मी कोण ते ठाऊक नव्हते. मी सांगितले नाही.

दोघांनी माझ्या खाली गुळगुळीत चादर घातली. ती म्हणाली, "आजोबा, आम्ही तीन म्हटल्यावर सरकवणार."

माझ्या तोंडून गेले, "मोजू नये. रुग्ण घाबरतो."

"नाही हो घाबरत," ती म्हणाली. "उलट त्यांना कळतं, कधी ते."

छत्तीस वर्षे मी छताकडे पाहणाऱ्या रुग्णांच्या वर वाकून उभा होतो. त्यांना खालून काय दिसते ते मला ठाऊक नव्हते. दोन चेहरे दिसतात. दोघे आधी एकमेकांकडे पाहतात, मग रुग्णाकडे. त्या चेहऱ्यांवर ओझे दिसत होते. ते दिसल्याने मला बरे वाटले.

"मोजा," मी म्हणालो.

ती 'एक' म्हणाली. तो 'दोन' म्हणाला.

'तीन' आम्ही तिघांनी मिळून म्हटले.

तुझा काका